शून्याचे मोल

‘शून्य म्हणजे काहीच नाही; मग २७ वर शून्य देताच २७० कसे होतात?’ वर्गात असा प्रश्न निघाला की ‘नियमच तसा आहे’ असे सांगून मुलाला बहुधा गप्प बसविले जाते. श्रोतेहो, हा प्रश्न मंदबुद्धीचा नव्हे. प्राचीन बाबिलोनच्या लेखनिकांपाशी संख्येच्या अखेरचे रिकामे स्थान दाखविणारे चिन्ह नव्हते. त्यांच्या लेखनात १ आणि ६० यांची खूण एकच. अभिप्रेत संख्या संदर्भावरून ओळखावी लागे.

ती उणीव भरून काढणारे शून्य ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात पाहावयास मिळते. इ. स. ८७६ च्या तेथील शिलालेखात देवाला अर्पण केलेल्या बागेचे माप आहे: २७० हात लांब, १८७ हात रुंद. रोजच्या ५० फुलमाळांची तरतूदही नोंदली आहे. त्यातील इवलीशी वर्तुळे पुसली, तर बागेची लांबी उरेल २७ हात आणि माळा अवघ्या ५! शून्य स्वतः रिक्त असले, तरी शेजारच्या अंकाला त्याच्या स्थानी धरून ठेवते.

नियम पाठ करवून घेण्यापूर्वी गुरुजींनी ही हकीकत सांगावी. जेथे जाणती माणसे शतकानुशतके अडखळली, तेथे एखादे मूल क्षणभर थबकले, तर त्याला दटावू नये. त्याच्या मनात गणिताचा आरंभ तेथेच होत असतो.