एका दमातल्या तलाकची कुळकथा

नवऱ्यानं एका दमात तीनदा 'तलाक' म्हणायचं आणि बायकोचा संसार तिथल्या तिथं मोडायचा, ही रीत थेट कुराणातून आली असं तिचे समर्थक सांगत आले आणि इस्लामचे टीकाकारही. तिचं कूळ शोधायला गेलं की निराळंच काही हाती लागतं.

इस्लामपूर्व अरबस्तानात पुरुष बायकोला हवं तेव्हा सोडी, हवं तेव्हा परत घेई. किती वेळा, याला धरबंध नव्हता. बाई धड नांदती नाही, धड मोकळी नाही. कुराणाच्या दुसऱ्या सूरेतल्या २२९ आणि २३०व्या आयतींनी याला लगाम घातला. तलाक देऊन परत घेण्याची मुभा दोनदाच. तिसऱ्यांदा सोडलं की परतीचा मार्ग बंद. म्हणजे तीन हा आकडा आला तो पुरुषाच्या मनमानीला मर्यादा घालण्यासाठी.

तलाकची जी रीत उत्तम मानली गेली, तीत घाईला जागाच नाही. आधी दोन्ही घरांतला एकेक मध्यस्थ बसवायचा. तरीही जमलं नाही, तर पाळी सरल्यावर, शरीरसंबंध न ठेवता, एकदाच तलाक उच्चारायचा. मग साधारण तीन पाळ्यांची इद्दत, म्हणजे थांबण्याची मुदत. तेवढे दिवस बायको त्याच घरात राहणार, तिला बाहेर काढायचं नाही आणि तिचा खर्च नवऱ्यानंच करायचा. दिवस गेले असतील तर तेही याच मुदतीत कळतं. मन वळलं तर पुन्हा निकाह न लावता संसार पुढे चालू.

मग एका दमातला तलाक आला कुठून? 'सहीह मुस्लिम' या हदीससंग्रहात इब्न अब्बास यांनी सांगितलेली एक रिवायत (कथन) आहे. पैगंबरांच्या काळात, खलिफा अबू बकर यांच्या काळात आणि त्यांच्यानंतरचे खलिफा उमर यांच्या खिलाफतीची पहिली दोन वर्षं एका वेळी दिलेले तीन तलाक एकच धरले जात. पुढे लोक फार घाई करू लागल्याचं पाहून उमर (खिलाफत ६३४–६४४) यांनी तीन ते तीनच धरायचं ठरवलं. उतावळ्या पुरुषांना अद्दल घडावी, हा हेतू. पण अद्दल घडली ती बाईला.

हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली या चारही सुन्नी मजहबांनी (विधिपंथांनी) तो निर्णय उचलला. या प्रकाराला नाव पडलं 'तलाक-ए-बिद्दत', म्हणजे मागाहून घुसलेला तलाक. पुढे हनफींनी तर तो पाप आहे पण लागू होतो असं सांगितलं. पाप पुरुषानं करायचं आणि बेघर बाईनं व्हायचं! पितृसत्ता शिरली ती या फटीतून. अर्थ लावणारे पुरुष, उच्चाराचा हक्क पुरुषाचा आणि बाईची बाजू मांडायला तिथं कोणी नाही. पण सगळ्यांनीच हे मानलं असंही नाही. शियांच्या जाफरी फिकहनं (धर्मशास्त्रीय कायद्यानं) ते नाकारलं. तिथं तलाकला दोन साक्षीदार लागतात. दमास्कसचे धर्मपंडित इब्न तैमिया (१२६३–१३२८) यांनी तीनला एकच धरलं आणि तलाकविषयीच्या मतांपायी तुरुंगही भोगला. इजिप्तनं १९२९मध्ये कायद्यानंच तीनचा एक केला.

भारतात इंग्रजी कोर्टांनी उलट वाट धरली. धर्मशास्त्राला हा तलाक रुचत नसला तरी कायद्यानं तो चालतो, अशी भूमिका विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयानं घेतली. त्याच मुंबईत १८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी. सातच बायका होत्या, पण या प्रश्नावर महाराष्ट्रात मुस्लिम बायका रस्त्यावर आल्या. १९७०मध्ये पुण्यात त्यांनीच मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभं केलं. २००२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं सांगितलं, नुसतं 'तलाक दिला' म्हणून भागणार नाही. कारण आणि समेटाचे प्रयत्न कोर्टात सिद्ध करावे लागतील. मग उत्तराखंडच्या शायरा बानो सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांना तलाकनामा पोस्टानं आला होता. २२ ऑगस्ट २०१७ रोजी पाचपैकी तीन न्यायमूर्तींनी ही प्रथा रद्दबातल ठरवली. २०१९च्या कायद्यानं असा तलाक देणं हा गुन्हा झाला, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद.

एवढ्यानं हिशेब मिटलेला नाही. महिन्याला एक याप्रमाणे तीन महिन्यांत तलाक पुरा करण्याचा एकतर्फी हक्क नवऱ्याकडे आहेच. बायकोला मात्र खुला, म्हणजे नवऱ्याच्या संमतीनं सुटका, मागावा लागतो किंवा १९३९च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याखाली कोर्टाची पायरी चढावी लागते. यावर एक उपाय फिकहमध्येच आहे: तलाक-ए-तफवीज. तलाकचा अधिकार निकाहाच्या वेळीच बायकोच्या हाती लेखी देता येतो. पाकिस्तानच्या सरकारी निकाहनाम्यात त्यासाठी अठरावा रकाना आहे. एका खलिफाच्या निर्णयानं जे बाईच्या माथी आलं, ते माणसांनीच फिरवायचं आहे, आणि निकाहनाम्यावर सही करण्याआधी तफवीजची अट लिहून घ्यायला आजही नवऱ्याच्या संमतीपलीकडे कोणाची परवानगी लागत नाही. मुलीच्या आईबापांनी आणि काझींनी ती लिहायला लावलीच पाहिजे.