पिशाचांची भाषा : गुणाढ्य आणि पैशाची

अद्भुत कथेसाठी स्वतंत्र भाषा रचण्याचा विषय निघाला की टोल्कीनचे नाव येते. फिनिशच्या छायेतील क्वेन्या, वेल्शच्या छायेतील सिंदारिन आणि या दोहोंना एका मूळ भाषेतून काढणारे ध्वनिनियम ही त्याची निर्मिती मूलतः भाषाशास्त्रज्ञाची आहे. अद्भुत कथा आणि अमानुष भाषा यांची सांगड मात्र प्रतिष्ठानच्या सातवाहन दरबाराशी जोडलेल्या गुणाढ्याच्या आख्यायिकेत फार पूर्वीच घातली गेली आहे.

जलक्रीडेत राणीने उच्चारलेल्या ‘मोदकैः’चा संधी राजाला सुटला नाही, त्याने पाण्याऐवजी मोदक मागविले. लज्जित राजाला सहा महिन्यांत संस्कृत शिकविण्याचे शर्ववर्म्याने मान्य केले. पैजेत हरलेल्या गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा या तिन्हींचा त्याग केला. उरली ती चौथी, विंध्यारण्यातील पिशाचांची. तिच्यात त्याने स्वतःच्या रक्ताने सात लक्ष श्लोक लिहिले. राजाने ते धिक्कारले. सहा लक्ष अग्नीत गेले, एक लक्ष उरले.

ही कथा अकराव्या शतकातील काश्मिरी सोमदेव सांगतो, तीही संस्कृतात. सातवाहनांना स्वतःला संस्कृताची अशी लाज वाटत असावी असे दिसत नाही. मुरबाडहून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटातील त्यांचा लेख वैदिक यज्ञ आणि दक्षिणा यांची नोंद प्राकृतातच करतो. राजाचा न्यूनगंड उत्तरकालीन आहे. पैशाचीला ‘भूतभाषा’ म्हणणारा दंडी मात्र सोमदेवाच्या पूर्वीचा.

मग ही भाषा खरी की कल्पित? ग्रिअर्सनने १९०६ मध्ये तिचा संबंध वायव्येकडील दर्दी भाषांशी जोडला. स्टेन कोनोने तिला विंध्याकडे आणले. दोघांनीही नकाशावर तिची जागा शोधली. व्याकरणकारांच्या नियमांकडे पाहिले की निराळीच गोष्ट जाणवते. वररुचीच्या मते पैशाचीची प्रकृती शौरसेनी. तिच्यातील घोष व्यंजने अघोष करावयाची, म्हणजे गगनाचे ‘गकन’, मेघाचा ‘मेख’. महाराष्ट्रीत हीच व्यंजने विरघळतात. तेथे गगनाचे ‘गअण’ होते. एकीत व्यंजन नाहीसे होते, दुसरीत ते कठीण होते. पैशाची ही महाराष्ट्रीची उलटी प्रतिमा आहे असे म्हटल्यास वावगे ठरू नये. अर्थात एवढ्याने ती केवळ बनावट ठरत नाही. टोल्कीनलाही वेल्श लागलीच. कोणत्या तरी बोलीचे ऐकलेले विशेष सरसकट नियम म्हणून लावले की ‘पिशाच’ बोलू लागतो, एवढेच.

हेमचंद्र दोन नियम आणखी देतो : ‘ण’चा ‘न’ आणि ‘ल’चा ‘ळ’. दुसरा मराठी वाचकाला घरचा वाटेल; पहिला त्याला गावंढळ वाटतो. शेणव्याच्या परिसरासारख्या उत्तर कोकणच्या रानपट्ट्यातील बोलींत ‘पाणी’चे ‘पानी’ सहज होते. यावरून या बोलींचे पैशाचीशी नाते जोडणे अशास्त्रीय होईल. परंतु एका ध्वनीवरून बोलणाऱ्याला मनुष्यांच्या पंक्तीतून उठविण्याची रीत ज्या नावात गोठली आहे, ते ‘पैशाची’ हे नाव त्या भाषेच्या बोलणाऱ्यांनी खचितच ठेवलेले नसावे.