बेल, ब्राह्मी आणि ६४.९ टक्के

मी नामपूरचा. लहानपणी बेल म्हणजे महादेवाला वाहायची पानं, एवढंच माहीत होतं. पुढे आयबीएसवरच्या वनस्पतींचे पेपर वाचायला लागलो आणि बेल पुन्हा भेटला. बेल आयबीएसवर गुणकारी ठरलाय असं सांगतात, आणि त्याला आधार १९८९ सालचा एक पेपर. उद्या तुम्हीही प्रस्तावनेत हे उतरवून घ्याल, म्हणून त्या पेपरात काय आहे ते आधी बघू.

इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमधला हा पेपर यादव, जैन, त्रिपाठी आणि गुप्ता यांचा, बनारस हिंदू विद्यापीठातला. १६९ रुग्ण, तीन गट, सहा आठवडे, डबल ब्लाइंड. एका गटाला बेल आणि ब्राह्मी. दुसऱ्याला तेव्हाची नेहमीची औषधं: क्लिडिनियम, क्लोरडायझेपॉक्साइड आणि इसबगोल. (म्हणजे 'ॲलोपॅथी'च्या गटातही एक वनस्पती होतीच!) तिसऱ्याला प्लासिबो.

बेल-ब्राह्मीने ६४.९ टक्के रुग्णांना बरं वाटलं. लोक इथेच थांबतात. पण नेहमीच्या औषधांनी ७८.३ टक्क्यांना बरं वाटलं, आणि नुसत्या प्लासिबोनेही ३२.७ टक्क्यांना. आयबीएसमध्ये त्रास आपोआप कमी-जास्त होतो, रुग्णाचं मनही त्यात असतं. म्हणून प्लासिबो गट नसलेली चाचणी इथे जवळपास निरुपयोगी. बेल-ब्राह्मीचा फायदा विशेष दिसला तो जुलाबाचा त्रास असणाऱ्यांत; पोटदुखीवाल्यांना नेहमीची औषधं जास्त लागू पडली. आणि सहा महिन्यांहून पुढे पाहिलं तर त्रास उलटू न देण्यात दोन्ही उपचार प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाहीत. माझ्या मते पेपरातली सर्वात मोलाची ओळ हीच, आणि नेमकी तीच गळते.

शिवाय औषध जोडीने दिलेलं. त्यातलं बेलाचं काम किती, ब्राह्मीचं किती, हे या चाचणीतून वेगळं काढता येत नाही. आणि ब्राह्मी म्हणजे इथे बॅकोपा. आपल्याकडे मंडूकपर्णीलाही ब्राह्मी म्हणतात, तेव्हा लॅटिन नाव तपासल्याशिवाय अर्क करायला घेऊ नका.

मग बेल एकटा काय करतो? याचं चांगलं उत्तर मुंबईतून आलं. डॉ. अंतिया आणि तन्नाज बिर्दी यांच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमधल्या गटाने पुणे जिल्ह्यातल्या परिंचे खोऱ्यात जुलाबावर कोणत्या वनस्पती वापरतात ते नोंदवलं, आणि कच्च्या बेलफळाचा काढा प्रयोगशाळेत तपासला. निकाल २००९ साली छापून आला. तपासलेल्या सहाही जिवाणूंपैकी एकही काढ्याने मेला नाही. फक्त जिवाणूंचं पेशींना चिकटणं आणि आत शिरणं कमी झालं, कॉलराचं विष कमी तयार झालं. जिआर्डिया आणि रोटाव्हायरसवर मात्र काढा थेट चालला. नुसती जिवाणू मारण्याची चाचणी केली असती तर बेल नापास ठरून फाइल बंद झाली असती.

पण हा काढा संसर्गाच्या जुलाबावर तपासलेला आहे, आयबीएसवर नाही. १९८९ आणि २००९ एकाच वाक्यात जोडू नका. गाईड विचारतीलच.