हवाबंद बरणीची कुळकथा

अन्न काचेत भरायचं, तोंड घट्ट बंद करायचं, भांडंच्या भांडं पाण्यात उकळायचं आणि मग महिनोन्महिने फळीवर ठेवून द्यायचं, ही युक्ती कुणा शास्त्रज्ञाची नाही. ती एका हलवायाची आहे. निकोला अपेर हा फ्रान्सच्या शाँपेन प्रांतातला, जन्म १७४९ चा, खानावळवाल्याचा मुलगा. पॅरिसमध्ये त्याचं मिठाईचं दुकान होतं. फळं पाकात मुरवणं हा त्याचा रोजचा धंदा, आणि नेमकं तेच त्याला खटकत होतं. साखरेत मुरवलेलं फळ साखरेचीच चव देतं, खारवलेलं मांस मिठाची. मटार मटारासारखाच लागेल, असा टिकवता येईल का, हा त्याचा प्रश्न होता.

१७९५ च्या सुमारास त्याने प्रयोग सुरू केले, ते शाँपेनच्या जाड बाटल्यांवर. पुढे रुंद तोंडाच्या बाटल्या मुद्दाम करवून घेतल्या. बाटली काठोकाठ भरायची नाही, वर थोडी जागा ठेवायची. बूच ठोकून बसवायचं आणि तारेने आवळायचं. मग प्रत्येक बाटली जाड्याभरड्या कापडाच्या पिशवीत घालायची, म्हणजे एखादी फुटली तरी काचा सगळ्या पाण्यात पसरत नाहीत. या पिशव्या कढईत उभ्या रचून पाणी उकळायचं. किती वेळ, ते पदार्थागणिक वेगळं. हे वेळांचं कोष्टक त्याने वर्षानुवर्षं चुकतमाकत बसवलं. १८०६ मध्ये फ्रेंच आरमाराने त्याच्या बाटल्या जहाजांवर नेऊन पाहिल्या. १८१० मध्ये सरकारने १२,००० फ्रँक दिले, ते सगळी कृती छापून जाहीर करण्याच्या अटीवर. पेटंटाचा रस्ता सोडून त्याने ही अट मानली. पुस्तकाच्या पुढच्या एका आवृत्तीला तर त्याने ‘सगळ्या घरांचं पुस्तक’ असंच नाव दिलं. १८१० मध्येच लंडनमध्ये पीटर ड्युरँडने कथलाच्या डब्याचं पेटंट घेतलं आणि कारखानदारी पत्र्याच्या मागे गेली. अपेर १८४१ मध्ये गरिबीत वारला. या माणसाचं ऋण जगाने फेडलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

त्याची कृती बरोबर होती, पण ती का चालते, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. गे-ल्युसाक या नामवंत रसायनशास्त्रज्ञाने बाटल्यांतली हवा तपासली, तिच्यात प्राणवायू नाही असं पाहिलं आणि निकाल दिला: अन्न नासतं ते प्राणवायूमुळे. खरं कारण जंतू, हे पाश्चरने दाखवून देईपर्यंत अर्धशतक गेलं. तोवर ‘हवा गेली की अन्न टिकलं’ ही समजूत घराघरांत पक्की रुजली होती. ती आजही आहे, आणि या कुळकथेतला खरा धोका तिच्यातच आहे.

घरगुती बरणीला तिचं आजचं रूप मिळालं ते अमेरिकेत. जॉन लँडिस मेसन हा न्यू जर्सीकडचा पत्र्याचं काम करणारा कारागीर. तोवर बरण्यांची तोंडं लाखेने किंवा मेणाने बंद करत. ते काम किचकट होतं आणि त्याचा भरवसाही नसे. मेसनने काचेच्या तोंडावरच आटे पाडले आणि त्यावर जस्ताचं फिरकीचं झाकण बसवलं. पेटंटाची तारीख ३० नोव्हेंबर १८५८. पेटंटाची मुदत संपल्यावर बॉल बंधूंसारख्या कारखानदारांनी त्या बरण्या घरोघरी पोचवल्या. मेसनही १९०२ मध्ये कफल्लक अवस्थेतच गेला. पुढे १९१५ मध्ये अलेक्झांडर कर यांच्या कंपनीचं दुपदरी झाकण आलं, कडेला लवचीक थर असलेली चपटी चकती आणि ती दाबून धरणारी कडी. बरणी निवताना आत पोकळी तयार होते, चकतीचा मध्य ‘टक्’ असा आवाज करत आत बसतो आणि बाईला कळतं, झाकण लागलं.

झाकण लागलं, एवढंच कळतं. आत काय जिवंत आहे, ते त्या आवाजाने कळत नाही.

१८९५ मध्ये बेल्जियममधल्या एल्झेल गावी एका अंत्यविधीला आलेल्या वादकांनी खारवलेलं हॅम खाल्लं. अनेक जण आजारी पडले, तिघे दगावले. घेंटचे जंतुशास्त्रज्ञ एमिल व्हान एरमेंगेम यांनी त्या हॅममधून एक जंतू वेगळा काढला. आज त्याला क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम म्हणतात. हा मातीतला जंतू आहे आणि त्याला प्राणवायू चालत नाही. म्हणजे गे-ल्युसाकने ज्याला अन्नाचं संरक्षण मानलं, तेच याचं माहेर. हवा काढून घेतलेली बरणी त्याला आयतीच मिळते. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात तासन् तास तग धरतात, आणि वर महाबळेश्वरसारख्या उंचीवर पाणी शंभर अंशांच्या आतच उकळतं. तयार झालेल्या विषाने नसा लुळ्या पडतात आणि शेवटी श्वास थांबतो. त्याचा वास किंवा चव दर वेळी लागतेच असं नाही.

मग अपेरच्या फळांनी कुणाला का मारलं नाही? कारण फळं आंबट असतात. आम्लतेचा सामू ४.६ किंवा त्याहून खाली असला की हे बीजाणू उगवत नाहीत. मटार, घेवडा, मका, बटाटा, मांस यांचा सामू त्याहून वर. त्यांना १०० अंश पुरत नाहीत, दाबाखालची वाफच लागते. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९१७ मध्येच तसं सांगितलं होतं. १९१९-२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या बाटलीबंद ऑलिव्हांनी बळी घेतले. त्यानंतर एस्टी आणि मायर या संशोधकांनी १९२२ मध्ये हिशोब मांडला: अन्नाच्या गाभ्यापर्यंत १२१ अंश, सुमारे तीन मिनिटं. जगभरची डबाबंदी अजून त्याच पायावर उभी आहे. तरीही २०१५ मध्ये ओहायोतल्या एका चर्चच्या पंगतीत घरी बरणीबंद केलेल्या बटाट्यांनी २९ जणांना विषबाधा झाली आणि एक बाई गेली. ते बटाटे नुसत्या उकळत्या पाण्यात ठेवले होते.

आपल्याकडचं कैरीचं लोणचं टिकतं ते आंबटपणाने आणि मिठाने. वरच्या तेलाच्या थराने बुरशी लांब राहते, एवढंच. मुरांबा टिकतो साखरेने. कोकणात बाटल्यांत भरून उकळलेला आमरस उन्हाळ्यानंतरही चालतो, त्यामागे आंब्याचा आम्लांश असतो. पण हल्ली सोललेला लसूण नुसत्या तेलात बुडवून ओट्यावर ठेवतात आणि त्याला लोणचंच समजतात. तेलाने हवा अडते, आंबटपणा येत नाही. पाश्चात्त्य देशांत अशा लसणाने विषबाधा झालेली आहे.

म्हणून बरण्या जरूर भरा. फळांचे मोरंबे, जॅम, व्हिनेगरमधल्या भाज्या खुशाल करा. टोमॅटो काठावरचा असतो, लिटरभराच्या बरणीला दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबूरस घाला. बिनआंबट भाजी, डाळ, मटण मात्र आपल्या रोजच्या कुकरच्या भरवशावर बरणीबंद करू नका. तो लवकर तापतो, लवकर निवतो आणि तपासून ठरवलेल्या वेळा त्याला लागू पडत नाहीत. परदेशात ज्यांच्याकडे खास बरण्यांसाठीचं दाबपात्र आहे, त्यांनीही छापील कोष्टकातलं एक मिनिटही कमी करू नये. बाकीच्यांना फ्रीझर आहे. आणि झाकण फुगलेलं दिसलं, बरणी उघडताना फवारा उडाला किंवा नुसती शंका आली, तरी बोट लावून चाखू नका. फेकून द्या.