चाळीस झटके आणि एक चाळणी: गाईचा चारा मोजण्याची गोष्ट

आजचा भाग आहे एका चाळणीवर. पिठाच्या नाही, गाईच्या चाऱ्याच्या. तुमच्या घरी गोठा असेल तर कामाचं आहेच, नसेल तरी ऐका, कारण दुधातल्या फॅटचा या चाळणीशी थेट संबंध आहे.

आधी गाईचं पोट समजून घेऊ. गाय चारा भराभर गिळते आणि मग निवांत बसून रवंथ करते. त्या चघळण्यातून दिवसाला शंभर लिटरहून जास्त लाळ तयार होते. या लाळेत खायच्या सोड्याचाच क्षार असतो. कोठीपोटात तयार होणारं आम्ल तो शांत करतो. पण रवंथ व्हायला लांब तंतू लागतात. चारा फार बारीक झाला की चघळणं कमी, लाळ कमी आणि पोटात आम्ल जास्त. मग फॅट घसरतं, खाणं कमी होतं आणि पुढे खुरं दुखून गाय लंगडायला लागते.

हे काही नवं ज्ञान नाही. वाळलेला चारा दळून घातला की फॅट पडतं, हे अमेरिकेत १९३० च्या दशकातच दिसलं होतं. १९७१ मध्ये ब्रिटनच्या सी. सी. बाल्च यांनी सुचवलं की गाय किती वेळ चघळते, त्यावरून चाऱ्याचा तंतूपणा ठरवावा. कल्पना उत्तम! पण दिवसभर गाईच्या जबड्याकडे बघत कोण बसणार?

दुसरा रस्ता होता तुकडेच मोजण्याचा. त्यासाठी अमेरिकेतल्या कृषी अभियंत्यांनी एक प्रमाणित पद्धत ठरवली होती. पण तिला पाच चाळण्यांचं मोठं यंत्र लागायचं, म्हणजे काम प्रयोगशाळेतलं. आणि खरी अडचण तर गोठ्यात होती. तिकडे वैरण, मुरघास, खुराक सगळं एकत्र कालवून घालायची पद्धत रुळली होती. कागदावर तंतूंची टक्केवारी अगदी बरोबर असायची. पण मिक्सर जास्त वेळ फिरला की त्याच चाऱ्याचा भुगा व्हायचा. टक्केवारी तीच, पण गाईच्या पोटासाठी तो वेगळाच चारा!

इथे आले पेनसिल्व्हेनियाच्या पेन स्टेट विद्यापीठाचे लॅमर्स, बकमास्टर आणि हाइनरिक्स. १९९६ मध्ये त्यांनी एक साधी पद्धत प्रसिद्ध केली. वर १९ मिलिमीटर भोकांची चाळणी, मधे ८ मिलिमीटरची, खाली बंद तळ. सुमारे दीड लिटर चारा वर टाकायचा. सपाट जागेवर पाच झटके द्यायचे, डबा पाव फेरा फिरवायचा, पुन्हा पाच. असं आठ वेळा, म्हणजे एकूण चाळीस झटके. मग प्रत्येक थर वजन करायचा. वीज नको, चारा वाळवायला नको. गोठ्यातच पाच-दहा मिनिटांत हिशेब!

पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, डेव्हिड मर्टेन्स यांनी तंतूंचं प्रमाण आणि तुकड्यांची लांबी एकाच हिशेबात बसवली. चघळायला लावणारा तंतू तोच खरा कामाचा, असा त्याचा अर्थ. त्यांनी सीमा धरली १.१८ मिलिमीटरची. २००३ मध्ये पेन स्टेटच्या डब्यातही तेवढ्याच भोकांची तिसरी चाळणी आली.

आता गंमत बघा. हा १.१८ चा आकडा मुख्यतः मेंढ्यांवरच्या अभ्यासातून आला होता. यापेक्षा मोठा तुकडा कोठीपोटातून सहज पुढे सरकत नाही, असं त्यात दिसलं होतं. पण भरपूर दूध देणारी गाय म्हणजे मोठी मेंढी नव्हे! तिच्या पोटातून त्याहून बरेच मोठे तुकडे पुढे जाताना दिसले. म्हणून २०१३ मध्ये ती चाळणी काढून ४ मिलिमीटरची बसवली. वर्षानुवर्षं वापरलेला आकडाही पुराव्यापुढे बदलावा लागला.

मग बरोबर चारा कसा ओळखायचा? पेन स्टेटचा अंदाज असा: सगळ्यात वर २ ते ८ टक्के, दुसऱ्या चाळणीत ३० ते ५०, तिसरीत १० ते २० आणि तळात ३० ते ४०. वर जास्त राहिला तरी फायदा नाही. गाई हुशार असतात, लांब काड्या बाजूला सारून खुराक आधी वेचून खातात. म्हणून गव्हाणीत उरलेला चाराही चाळून बघतात. ताज्या आणि उरलेल्या चाऱ्याच्या आकड्यांत फार फरक पडला, तर समजायचं की गाईनं निवडून खाल्लंय.

आपल्याकडेही कडब्याची कुट्टी होते, मक्याचा मुरघास होतो आणि डेअरीवर गाईच्या दुधाला ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ धरून भाव ठरतो. फॅट कमी लागलं की आधी पेंडीची गोणी बदलली जाते. कुट्टीयंत्राच्या पात्यांकडे मात्र क्वचितच कुणाचं लक्ष जातं. चाऱ्यात काय आहे इतकंच, तो केवढा कापलाय हेही दुधात उतरतं.

तर मंडळी, पुढच्या वेळी गोठ्यात गेलात की मूठभर चारा हातात घेऊन नीट बघा. आणि बसलेल्या गाईंपैकी किती जणी रवंथ करतायत, तेही मोजा. भेटू पुढच्या भागात!