सोबतीण, मावशी आणि कामगार

'शुश्रूषा' हा शब्द आज आपण रुग्णसेवेसाठी सहज वापरतो. परंतु आपल्या समाजव्यवस्थेत या शब्दाला एक जुना इतिहास आहे. मनुस्मृतीने शूद्राला एकच कर्म नेमून दिले : वरच्या तिन्ही वर्णांची निमूट शुश्रूषा. म्हणजे सेवा हे काम नव्हते, तो जन्माने लादलेला धर्म होता. आणि धर्माला मजुरी नसते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या ग्रंथाचे दहन झाले. ग्रंथ जळाला. पण सेवेला मोबदला लागत नाही, शिक्षण लागत नाही, ती करणारीच्या अंगातच असते, ही समजूत जळाली काय?

हा प्रश्न आज विचारण्यास कारण आहे. घरी जाऊन वृद्धांची व अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल करण्याचे प्रशिक्षणवर्ग आता शहरोशहरी निघाले आहेत. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत 'जनरल ड्यूटी असिस्टंट' आणि 'होम हेल्थ एड' हे अभ्यासक्रम आले. जून २०२१ मध्ये कोविडच्या काळात केंद्र सरकारने जे सहा तातडीचे अभ्यासक्रम काढले, त्यांतही घरगुती शुश्रूषेचा एक होता. माझ्या वर्गातून ज्या मुली पदवी अर्धवट सोडून अशा प्रशिक्षणाला गेल्या, त्या बहुतेक बौद्ध, मातंग आणि इतर कष्टकरी घरांतल्या होत्या. प्रमाणपत्र मिळाले म्हणजे श्रमाला प्रतिष्ठा मिळते, असे त्यांना सांगण्यात आले होते. हे कितपत खरे आहे? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या इतिहासात बरेचसे सापडते.

तिकडे पाहणे आपल्याला नवे नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या अर्जाची चौकशी केली. १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव घेतले तेही तिकडूनच. पण आपण तिकडची बंडाची भाषा जितकी वाचली, तितका तिकडच्या मोलकरणीचा इतिहास वाचला नाही.

२

गुलामगिरीच्या काळात मळेवाल्याचे मूल पाजणारी, त्याच्या आजारी बायकोची उशी सरळ करणारी आणि गुलामवस्तीत बाळंतपणे करणारी स्त्री काळी होती. मुक्ती आली, काम तेच राहिले. दक्षिणेकडील राज्यांत खेडोपाडी काळ्या सुइणीच बाळंतपणे करीत. १९२१ साली शेपर्ड-टाउनर कायद्याने माता-बालकांच्या आरोग्यासाठी पैसा उपलब्ध झाला आणि या सुइणींना प्रशिक्षण व परवाने देणे सुरू झाले. हात कसे धुवावेत, पिशवीत काय असावे, बाळाच्या डोळ्यांत कोणते औषध घालावे, हे त्यांना शिकवले गेले. यातील बरेचसे आवश्यकच होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु याच प्रशिक्षणाच्या वाटेने देखरेखीची सत्ता आली. परिचारिका येऊन पिशवी तपासू लागली आणि म्हाताऱ्या सुइणींचे परवाने हळूहळू काढून घेतले गेले. अलाबामा राज्याने १९७६ मध्ये कायद्याने ही वाट बंद केली. ज्या स्त्रियांना शिकवले, त्यांना नर्स वा डॉक्टर होण्याची शिडी कोणी दिली नाही. शिक्षण दिले ते त्यांना वर नेण्यासाठी नव्हे, तर बाजूला सारेपर्यंत त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी.

आपल्याकडे मांगीण सुईण होती. नाळ कापताना तिचा हात चाले. बाराव्या दिवशी पाळण्याजवळ तिचा स्पर्श चालत नसे. तिच्या ज्ञानाला ज्ञान म्हणण्यास कोणी तयार नव्हते. तो तिच्या जातीचा 'मान' होता. स्वातंत्र्यानंतर दायांचे प्रशिक्षण झाले, आणि २००५ च्या जननी सुरक्षा योजनेनंतर बाळंतपणे दवाखान्यात गेली. ती जावयास हवीच होती. पण त्या दवाखान्यात सुइणीच्या लेकीला कोणती जागा मिळाली? बहुधा झाडूची आणि बेडपॅनची.

३

१९२९ च्या मंदीनंतर न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात काळ्या स्त्रिया रस्त्याच्या कोपऱ्यावर उभ्या राहत आणि गोऱ्या गृहिणी येऊन त्यांना तासाच्या भावाने घेऊन जात. एला बेकर आणि मार्व्हल कुक या दोघींनी १९३५ साली 'द क्रायसिस' या मासिकात या जागेला गुलामांचा बाजार असे सरळ म्हटले. आपल्याकडील मजूर-अड्डा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही.

त्याच वर्षी रूझवेल्ट सरकारने बेकारांना काम देणारी डब्ल्यू. पी. ए. ही योजना काढली. तीत गरीब स्त्रियांना थोडे शिकवून, जेथे आई आजारी आहे किंवा म्हातारे माणूस एकटे आहे अशा घरांत पाठवले जाई. आजच्या घरपोच शुश्रूषेचा पाया तेथे आहे. या मदतनीस स्त्रियांत काळ्यांची संख्या मोठी होती. त्यांना बजावलेले असे की तुम्ही मोलकरीण नाही आणि नर्सही नाही. मग कोण? या 'मधल्या' जागेला नाव नव्हते; आणि ज्या कामाला नाव नसते त्याचा भाव ठरवणे दुसऱ्याच्या हाती जाते.

याच काळात कामगारांचे मोठे कायदे झाले. १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा, १९३५ चाच संघटना-हक्काचा कायदा, १९३८ चा किमान वेतनाचा कायदा. या तिन्ही कायद्यांनी शेतमजूर आणि घरकामगार वगळले. त्या वेळी नोकरी करणाऱ्या काळ्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक घरकामात होत्या. कायद्यात 'काळी' हा शब्द कोठेही नव्हता. तो लिहिण्याची गरजच नव्हती. आपल्याकडेही कोणत्याही जाहिरातीत 'सफाईसाठी अमुक जात हवी' असे आता सहसा लिहिलेले नसते.

४

१९७४ साली घरकामगारांना किमान वेतनाच्या कायद्यात घेतले गेले. पण त्याच दुरुस्तीत एक फट ठेवली गेली. वृद्ध व अपंगांना 'सोबत' करणाऱ्यांना हा कायदा लागू होणार नाही. मूळ कल्पना कोणा शेजारणीने आजीजवळ घटकाभर बसण्याची असावी. प्रत्यक्षात त्या एका शब्दाखाली एजन्सीकडून आठवडाभर राबणाऱ्या लक्षावधी स्त्रिया झाकल्या गेल्या. अंग पुसणे, कूस बदलणे, लंगोट बदलणे, उचलून खुर्चीत बसवणे, या सगळ्याचे नाव 'सोबत'!

एव्हलिन कोक ही जमैकाहून आलेली स्त्री न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडमध्ये वीस वर्षे हे काम करीत होती. कधी सलग चोवीस तास. जादा तासांचे पैसे मिळावेत म्हणून ती न्यायालयात गेली. ११ जून २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तिच्या विरुद्ध निकाल दिला : ती 'सोबतीण' होती. २००९ मध्ये ती वारली. २०१३ साली कामगार खात्याने नियम बदलून एजन्सीमार्फत काम करणाऱ्यांना वेतनाचे संरक्षण दिले. २०२५ साली त्याच खात्याने ते मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. इतके हे मिळवलेले हक्क कच्चे असतात.

आता प्रशिक्षणाकडे पाहू. १९८७ च्या कायद्याने सरकारी पैशाने चालणाऱ्या घरपोच आरोग्यसेवेतील मदतनिसांना किमान ७५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. त्यांपैकी १६ तास प्रत्यक्ष कामाचे. ताप, नाडी व श्वास मोजणे, संसर्ग टाळणे, खाटेवर स्नान घालणे, स्वतःची कंबर न मोडता रुग्णाला उठवणे, काय पाहिले ते लिहून कळवणे, हे सर्व त्यात आहे. म्हणजे राज्याने मान्य केले की हे कौशल्य आहे. आणि तरीही कोकचा निकाल वीस वर्षांनंतर आला! कौशल्य मान्य होऊनही मजूर म्हणून मान्यता मिळत नाही, हा या इतिहासातील कळीचा मुद्दा आहे. प्रमाणपत्र हातात देऊनही जगाने तिला सोबतीणच म्हटले.

मग बदल कोठे झाला? जेथे स्त्रिया संघटित झाल्या तेथे. लॉस एंजेलिस परगण्यात, एकमेकींना न भेटता वेगवेगळ्या घरांत राबणाऱ्या ७४,००० मदतनिसांनी दहा वर्षांहून अधिक झगडून १९९९ मध्ये युनियन उभी केली. ब्राँक्समध्ये, जेथे कधी तो बाजार भरे तेथेच, १९८५ साली अवघ्या बारा मदतनिसांनिशी एक सहकारी संस्था निघाली. ती प्रशिक्षण विनाशुल्क देते, शिकलेलीला काम देते आणि तिला भागधारक होता येते. हेही प्रशिक्षणच. परंतु येथे ते मालकीशी जोडलेले आहे.

५

आपल्याकडे तिला सोबतीण म्हणत नाहीत, 'मावशी' म्हणतात. दवाखान्यात नर्स ती 'सिस्टर', वॉर्डबॉय तो 'मामा', आणि मळ काढणारी ती 'मावशी'. नाते गोड आहे. पण मावशीला कोणी साप्ताहिक सुट्टी देतो काय? ब्युरोकडून पाठवलेली बाई बारा तासांच्या किंवा चोवीस तासांच्या पाळीवर जाते. तिच्या पैशातून ब्युरो आपला वाटा आधी कापतो. आणि कित्येक घरांत रुग्णाचे शरीर तिच्या हाती सोपवून तिचा कप मात्र वेगळा ठेवतात. नाळेजवळ चालणारा आणि पाळण्याजवळ न चालणारा तोच हा हात आहे.

२००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. तिला कामगार म्हटले गेले, हे मोठेच पाऊल होते. पण कल्याण आणि हक्क यांत अंतर असते. म्हणून प्रशिक्षणवर्गांच्या पदवीदान समारंभांनी भारावून न जाता आपण तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत. या शिक्षणानंतर वरची पायरी आहे काय, म्हणजे मदतनीस मुलीला पुढे परिचर्येच्या अभ्यासक्रमाला जाता येईल काय? पाळीचे तास, विश्रांती आणि वेतन लेखी आहे काय? आणि बेडपॅन उचलणे हे कामाच्या वाटणीने येते, की जन्माच्या?

१८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्याच साथीने १० मार्चला त्यांचा बळी घेतला. त्यांना ते काम कोणी जातीने नेमून दिलेले नव्हते. त्यांनी ते निवडले होते. निवडलेली सेवा आणि लादलेली सेवा यांतील हा फरक समाजाला शिकवायचा आहे. आपल्या मुली अंग पुसण्यास आणि नाडी पाहण्यास शिकत आहेत, त्यांनी शिकावे. परंतु ज्या घरात त्या पाळीला जातात त्या घराचे, त्या ब्युरोचे आणि त्या राज्याचे प्रशिक्षण अजून सुरूच झालेले नाही. ते करणे हे संघटनेचे काम आहे, आणि ते त्या मुलींनाच पुढे होऊन करावे लागेल.