वसईचा इ. स. १६१८ चा ‘भूकंप’ : एका नोंदीची चिकित्सा

भारतातील ऐतिहासिक भूकंपांच्या ज्या याद्या आज अभ्यासकांच्या हाती आहेत, त्यांत पश्चिम किनाऱ्याच्या सदरात एक नोंद बहुधा आढळतेच. दिनांक २६ मे १६१८, स्थळ मुंबई, मृतांची संख्या सुमारे २,०००. काही याद्यांत तिच्यापुढे तीव्रतेचा नववा अंक आणि परिमाण ६.९ असेही नमूद केलेले असते. मुंबई-ठाणे परिसराला भूकंपाचा धोका किती, याचे गणित मांडताना ही नोंद विचारात घेतली गेली आहे. या टापूत मोठे भूकंप मोजकेच असल्याने अशा एका नोंदीचे वजन फार पडते. म्हणून ती कशावर उभी आहे, हे तपासणे केवळ इतिहासाच्या हौसेचे काम राहत नाही.

प्रथम स्थळाचा विचार करू. यादीत मुंबईचे नाव असले, तरी मूळ वृत्तांताचे केंद्र मुंबई नसून वसई आहे. उल्हास नदीच्या मुखाशी वसलेले हे बंदर १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेले आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ते जिंकून घेईपर्यंत पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’चे मुख्य ठाणे राहिले. कोट, मठ, चर्चे आणि श्रीमंत जमीनदारांचे वाडे यांनी ते संपन्न झाले होते. त्याच काळात मुंबई ही या ठाण्याच्या अंकित असलेली, विरळ वस्तीची बेटे होती. १६६१ च्या सुमारास तेथील लोकसंख्या दहा हजारांच्या आसपास असावी, असे सामान्यतः मानले जाते. १६१८ मध्ये तेथे दोन हजार माणसे एका रात्रीत मेली असती, तर निदान पाचवा हिस्सा वस्ती नाहीशी झाली असती. पुढे मुंबई महानगर झाली, वसई मागे पडली, आणि घटनेचा पत्ता प्रसिद्ध शेजाऱ्याच्या नावे लिहिला गेला. यादीतील ही पहिली सरमिसळ होय.

आता वृत्तांताकडे वळू. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये त्याचा सारांश उपलब्ध आहे. त्यानुसार १५ मे १६१८ रोजी वसईस तुफान सुरू झाले. त्याचा जोर इतका होता की, लोक तळघरांत जाऊन लपले. वाऱ्याने समुद्राचे पाणी शहरात आणले. चर्चांचे माथे उडून गेले आणि मोठमोठे दगड दूरवर फेकले गेले. तळ्यांतील मासे मेले. बंदरात पुष्कळ गलबते बुडाली, मुंबईस साठ जहाजे मालासह रसातळाला गेली. आगाशीस वाऱ्याने एक होडी समुद्रातून उचलून एका घरावर आणून टाकली व तीत एक बाई आणि तिचे मूल दगावले. झाडे मुळासकट उपटली गेली. या साऱ्या वर्णनात भूकंपाचाही उल्लेख गुंफलेला आहे. यादीकारांच्या हाती लागला तो एवढाच धागा.

या वर्णनातील प्रत्येक तपशील त्याच्या कारणाशी जोडून पाहिला, तर चित्र स्पष्ट होते. झाडे मुळापासून उपटणे, इमारतींचे माथे उडणे, होडी घरावर येऊन पडणे ही वाऱ्याची आणि वाऱ्याने लोटलेल्या पाण्याची कामे आहेत. तळ्यांतील मासे मेले, याचा सर्वांत साधा उलगडा गोड्या पाण्यात खारे पाणी शिरले हाच. माणसांचे वर्तनही बोलके आहे. भूकंपाच्या भयाने माणूस घराबाहेर धावतो. तळघरात शिरतो तो वादळाच्या भयाने. शिवाय वादळ चढत जाते, म्हणून लपण्यास अवधी मिळतो. भूकंप असा अवधी देत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ६.९ परिमाणाच्या भूकंपानंतर लहानमोठे धक्के कित्येक महिने बसत राहतात आणि पहिला धक्का शेकडो कोस जाणवतो. या वृत्तांतात धक्क्यांची अशी मालिका नाही आणि ज्या ठिकाणांची हानी त्यात सांगितली आहे ती वसई, आगाशी, मुंबई अशी सारी किनाऱ्याची आहेत.

ऋतूही वादळाच्याच बाजूने साक्ष देतो. अरबी समुद्रातील चक्रीवादळे मुख्यतः पावसाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे मे-जूनमध्ये, आणि पावसाळ्यानंतर उद्भवतात. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ वादळ मुंबई-वसईच्या समोरून उत्तरेस गेले, तर ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. १६१८ चे तुफान याच पंक्तीत सहज बसते.

मग वृत्तांतात भूकंप आला कोठून? येथे भाषेचा विचार अपरिहार्य ठरतो. मराठीत ‘धरणी हादरली’, ‘पृथ्वी डळमळली’, ‘आभाळ कोसळले’ हे प्रयोग भूगर्भाविषयी किंवा आभाळाविषयी काही सांगत नाहीत. ते अनुभवाचा पराकोटीचा जोर सांगतात. पोर्तुगीजमध्ये भूकंपासाठी ‘तॅर्रेमोतो’ हा नेमका शब्द आहे, पण ‘त्रॅमोर’ म्हणजे थरकाप हा शब्द भूमीलाही लागतो आणि माणसालाही. प्रचंड वाऱ्यात दगडी भिंती खरोखरच थरथरतात आणि लाटांच्या आघाताने किनाऱ्याची जमीन कंप पावते. रात्री तळघरात बसलेल्या माणसाला तो कंप भूमीचाच वाटणार. तेव्हा वृत्तांतकाराने खोटे लिहिले असे म्हणण्याचे कारण नाही. त्याने अनुभव नोंदविला. त्याचे वर्गीकरण पुढच्यांनी केले. त्यातून घरातील कंप भूकंप झाला, वादळात बुडालेली माणसे भूकंपाचे बळी ठरली, बळींच्या संख्येवरून तीव्रता ठरली आणि तीव्रतेवरून परिमाण. शब्दाचा आकडा होण्याच्या या प्रवासात प्रत्येक पायरीवर निश्चिती वाढल्याचा भास होतो. प्रत्यक्षात आधार तेवढाच राहतो.

तारखेचा घोळही याच जातीचा आहे. वृत्तांतात १५ मे, यादीत २६ मे. फरक अकरा दिवसांचा. जुन्या ज्युलियन आणि नव्या ग्रेगोरियन पंचांगांत सतराव्या शतकात दहा दिवसांचे अंतर होते. अकरा दिवसांचे अंतर अठराव्या शतकातले. शिवाय पोर्तुगालने नवे पंचांग १५८२ मध्येच स्वीकारले असल्याने पोर्तुगीज अंमलातील तारखेत कसलीही भर घालण्याचे कारण नव्हते. कोणीतरी जुनी तारीख ज्युलियन समजून तीत चुकीच्या शतकाचा फरक मिळविला असावा, हा खुलासा संभवनीय वाटतो.

या संदर्भात सप्टेंबर १५२४ मधील एका घटनेशी तुलना उद्बोधक ठरेल. वास्को द गामाचे आरमार तिसऱ्या फेरीत पश्चिम किनाऱ्याजवळ आले असता वारा नसतानाच जहाजे एकाएकी हादरू लागली आणि खलाशांची धावपळ उडाली, असे पोर्तुगीज इतिहासकारांनी लिहिले आहे. येथे वादळाचे चिन्ह नाही, कंप आहे. तेव्हा ही नोंद सागरतळाच्या भूकंपाची मानण्यास आधार आहे. दोन्ही ठिकाणी थरथरणे आहे, परंतु आजूबाजूच्या तपशिलाने दोहोंचा अर्थ वेगळा होतो. एकटा शब्द साक्षीदार म्हणून अपुरा असतो.

१६१८ ची नोंद भूकंपांच्या यादीतून काढली, तर वसई निर्धोक ठरते काय? तसा निष्कर्ष काढणे ही उलट दिशेची चूक होईल. महाराष्ट्राच्या अनुभवाने हे दोनदा शिकविले आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा तो परिसर तत्कालीन नकाशात जवळजवळ सुरक्षित गणला जात होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीस सुमारे दहा हजार माणसे मेली, तेव्हा तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. वसईच्या आसपासची भूमीही अगदी स्तब्ध नाही. १९८३ मध्ये शहापूर तालुक्यातील भातसा जलाशयाजवळ धक्क्यांची मालिका झाली आणि तीतील सर्वांत मोठा धक्का ४.९ परिमाणाचा होता. नोव्हेंबर २०१८ पासून वसई ज्या पालघर जिल्ह्यात मोडते त्याच जिल्ह्याच्या डहाणू-तलासरी भागात धक्क्यांचे सत्र सुरू झाले. त्यातील मोठे धक्के चारच्या आसपास होते. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरान किनाऱ्यावरील भूकंपाने उठलेल्या लाटा मुंबईपर्यंत येऊन पोहोचल्या होत्या. भारतीय मानकाच्या २००२ च्या आवृत्तीने या परिसराला तिसऱ्या विभागात ठेवले. त्यासाठी १६१८ च्या आधाराची गरज नाही.

दूरच्या भूकंपाचाही विचार करावा लागतो. २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपात सुमारे अडीचशे किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. गाळाच्या जमिनीने धक्क्याला जोर दिला आणि कच्च्या बांधकामाने उरलेले काम केले. वसई-विरारची वस्ती २०११ च्या जनगणनेत बारा लाखांच्या वर गेली होती. तेथे खाडीचा गाळ, मिठागरे आणि भरावाची जमीन यांवर इमारती उठत असता हा धडा दूरचा म्हणता येत नाही.

मात्र १६१८ चा स्वतःचा धडा निराळा आहे आणि चुकीच्या शीर्षकाखाली तो चार शतके झाकला गेला. त्या रात्री वसईकरांना मारले ते समुद्राने आणि वाऱ्याने. ज्या नोंदीने सखल किनाऱ्यावर पाणी कोठवर चढू शकते हे सांगायचे, ती भूकंपाच्या खात्यात पडल्याने वादळांच्या इतिहासात तिला मानाची जागा मिळाली नाही. म्हणून ती पुसून टाकण्यापेक्षा योग्य यादीत हलविणे हेच शास्त्रीय कर्तव्य ठरते. त्याचबरोबर गोव्यातील दप्तरे, पाद्र्यांची पत्रे, चर्चच्या नोंदवह्या आणि मराठी बखरी यांतील ‘तुफान’, ‘धरणीकंप’, ‘हादरा’ या शब्दांची संदर्भासहित छाननी झाली पाहिजे. भूगर्भशास्त्रज्ञ खडकांचे काम करतील. शब्दांचे काम मात्र भाषा आणि इतिहास यांच्या अभ्यासकांनाच करावे लागेल, कारण खडकांच्या गणितात शिरणारा पहिला आकडा पुष्कळदा एखाद्या शब्दापासूनच निघालेला असतो.